घोट्यापाशी कापलेली विजार

लाकूडतोड्या म्हटले की आपल्याला नदीत पडलेली कुऱ्हाड आणि ती काढून देणारी देवता आठवते. वॉशिंग्टन राज्यातील लाँगव्ह्यू येथे राहायला आल्यावर मला जे शेजारी लाभले, त्यांनी चाळीस वर्षे जंगलात झाडे पाडली, पण त्यांच्या हातात कुऱ्हाडीऐवजी साखळी-करवत असे आणि देवतेचे काम घरी आजी करीत. येथे ऐंशी ओलांडलेल्या माणसालाही नावाने हाक मारण्याची पद्धत आहे. मला ते अजून जमत नाही, म्हणून मी त्यांना आजोबाच म्हणेन.

लाँगव्ह्यू हे शहरच लाकडासाठी 1923 मध्ये कोलंबिया नदीकाठी आखून वसवलेले. 12 ऑक्टोबर 1962 रोजी अमेरिकेच्या या पश्चिम किनाऱ्यावर प्रचंड वादळ झाले, जंगलेच्या जंगले आडवी झाली आणि ते लाकूड उचलायला माणसे हवी होती, तेव्हा विशीतले आजोबा कामाला लागले. पहिले काम चोकर लावण्याचे, म्हणजे उतारावर पडलेल्या ओंडक्याभोवती पोलादी दोराचा फास अडकवायचा आणि वरचे यंत्र तो खेचू लागण्यापूर्वी तेथून दूर व्हायचे. पुढे ते झाडे पाडणारे झाले. ज्या बाजूला झाड पडायला हवे तिकडून बुंध्यात खाच पाडायची, मग मागून करवत चालवायची, पण मधली थोडी लाकडाची पट्टी शाबूत ठेवायची, कारण तीच बिजागरीसारखी झाडाला वळण देते. ती पट्टी कापली गेली तर झाड कोणाचेही ऐकत नाही, असे ते म्हणतात. हा अमेरिकेतील सर्वांत जीवघेण्या व्यवसायांपैकी एक आहे: 2022 मध्ये सर्व कामगारांमागे मृत्यूचे प्रमाण लाखात चारच्याही खाली होते, तर या कामात ते शंभराच्या आसपास होते. वर शेंड्यात अडकून राहिलेल्या मोडक्या फांदीला या धंद्यात ‘विडोमेकर’, म्हणजे विधवा करणारी, म्हणतात. आजींनी तो शब्द घरात कधीही उच्चारू दिला नाही.

त्याऐवजी त्यांनी कात्री चालवली. लाकूडतोड्यांच्या विजारीची खालची दुमड कापून टाकतात, कारण शिवलेली दुमड झुडपात अडकली तर माणूस तोंडावर पडतो, आणि कापलेली कड मात्र फाटून सुटते. नवी विजार घरी आली की आजी ती आजोबांना घालायला लावून, गुडघ्यांवर बसून, घोट्याच्या वर वीतभर अंतरावर कापायच्या. मुलांनी हे इतक्यांदा पाहिले होते की शाळेत इतर वडिलांच्या लांब विजारी पाहून धाकट्या मुलीला त्यांची काळजी वाटली होती!

आजोबा पहाटे साडेतीनला निघत आणि संध्याकाळी साडेपाचच्या जेवणाला टेबलावर असत. उन्हाळ्यात वणव्याच्या भीतीने भर दुपारीच करवती बंद कराव्या लागतात. या पाळीला येथे ‘हूट आउल’, म्हणजे घुबडाची पाळी, म्हणतात. पगार घटायचा, पण मुलांना पोहायला शिकवले ते याच दुपारी.

रविवारी मात्र काम नाही, हा त्यांचा आणि बहुतेक टोळ्यांचाही नियम. 18 मे 1980 हा रविवारच होता. सकाळी 8 वाजून 32 मिनिटांनी माउंट सेंट हेलेन्स या ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि 57 माणसे गेली. सोमवार असता तर त्याच उतारांवर शेकडो लाकूडतोडे असते, आजोबांसह. त्या वेळी ते मुलांसाठी पॅनकेक भाजत होते. पुढे दोन वर्षे त्यांनी तेथील आडवी झालेली झाडे उचलण्याचे काम केले. राखेने करवतीचे दात भराभर बोथट होत, एवढेच ते त्याबद्दल सांगतात.

1990 मध्ये जुन्या जंगलांत राहणाऱ्या ठिपकेदार घुबडाला कायद्याचे संरक्षण मिळाले आणि सरकारी जंगलांतील तोड पुढच्या काही वर्षांत झपाट्याने घटली. अनेक सोबती अलास्काच्या छावण्यांत गेले, जेथे पैसा चांगला होता. आजोबा गेले नाहीत. कमी पगारावर खासगी जमिनीवर राहिले, कारण धाकटीची शाळा संपायला तीन वर्षे होती. घुबडाच्या बाबतीत माझे आणि त्यांचे मुळीच पटत नाही. जुनी झाडे वाचली हे बरेच झाले असे मला वाटते, आणि हे त्यांच्या ओसरीवर बसून बोलणे सोपे नसते.

करवतीच्या कंपनांनी त्यांची बोटे थंडीत पांढरी पडतात आणि डाव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही, म्हणून आजी नेहमी उजवीकडे बसतात. गेल्या नाताळात थोरल्या मुलाने त्यांना नवी विजार आणली. आता ते टपालपेटीपलीकडे फारसे जात नाहीत, तरी आजींनी कात्री मागितली, आणि आजोबा निमूटपणे खुर्चीवर उभे राहिले, कारण आता आजींना गुडघ्यांवर बसवत नाही.