शेवटचा आकडा पुसलेला : घड्याळाचे मॉडेल ओळखताना

फिटनेस घड्याळाचा चार्जर मागायला गेले की दुकानदाराचा पहिला प्रश्न मॉडेलचा असतो आणि ‘फिटबिट वर्सा’ एवढे सांगून काम भागत नाही, हे मला पुण्याच्या तापकीर गल्लीतल्या एका काउंटरवर कळले. घड्याळ माझ्या भाचीचे. तिने नवे घेतल्यावर जुने माझ्याकडे सोपवले, तेव्हा त्याच्यासोबत खोके नव्हते, बिल नव्हते आणि चार्जरही नव्हता. बॅटरी पूर्ण उतरलेली असल्यामुळे काच काळी आणि घड्याळ निपचित होते. दुकानदाराने ते हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि विचारले, “काका, वर्सा कुठलं? साधं, लाइट, टू, थ्री की फोर?” मग त्याने चिमट्यासारखे दिसणारे दोन चार्जर पुढे ठेवले. मला ते दोन्ही सारखेच वाटले. पाकीट उघडल्यावर माल परत घेतला जाणार नाही, असेही त्याने आधीच सांगितले, त्यामुळे आधी मॉडेल नक्की करायचे ठरवून मी घरी आलो.

वर्सा हे एका घड्याळाचे नाव नसून घराण्याचे नाव आहे. पहिले वर्सा २०१८ साली बाजारात आले. २०१९ च्या मार्चमध्ये त्याची स्वस्त आवृत्ती, म्हणजे वर्सा लाइट, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वर्सा टू आले. त्यानंतर २०२० मध्ये वर्सा थ्री आणि २०२२ मध्ये वर्सा फोर आले. पहिल्या वर्साचा आणि लाइटचा चार्जर एकच आहे, वर्सा टूचा मात्र वेगळा आहे, कारण त्याची चौकट किंचित मोठी असून ती जुन्या चिमट्यात नीट बसत नाही. थ्री आणि फोरचा चार्जर चुंबकाने चिकटणारा आहे आणि तोच सेन्स या त्यांच्या भावंडालाही चालतो. गोंधळात भर म्हणजे पहिल्या तिन्ही वर्सांचे पट्टे एकमेकांना बसतात, त्यामुळे हातातल्या पट्ट्यावरून काढलेला निष्कर्ष चार्जरच्या बाबतीत हमखास फसतो.

घड्याळ चालू असते, तर हा शोध मिनिटभराचा होता. सेटिंग्जमध्ये अबाउट आणि त्यात नियामक माहितीचे पान उघडले की मॉडेल क्रमांक समोर येतो. घड्याळ फोनला जोडलेले असेल, तर फिटबिटच्या ॲपमध्ये त्याचे नाव चित्रासह दिसते. आणि काहीच नाही, तरी फोनच्या ब्लूटूथ यादीत बहुधा नाव उमटते. निर्जीव घड्याळाच्या बाबतीत हे तिन्ही मार्ग बंद असतात. भाचीला न्यू जर्सीला फोन लावला, तर तिने नवे घड्याळ जोडताना हे जुने आपल्या खात्यातून काढून टाकलेले होते, आणि ते तिला ऑफिसकडून भेट मिळालेले असल्यामुळे खरेदीची मेलही नव्हती. “मामा, मला वर्सा एवढंच आठवतंय, आणि काळं होतं,” असे ती म्हणाली. काळा रंग त्या घराण्यातल्या सगळ्यांनाच लाभलेला आहे.

राहता राहिली घड्याळाची पाठ. फिटनेस घड्याळाच्या मागच्या बाजूला, हृदयाचे ठोके मोजणाऱ्या दिव्यांच्या आसपास किंवा पट्टा अडकतो त्या खाचेजवळ, काही अक्षरे कोरलेली असतात. ती इतकी बारीक आणि पृष्ठभागाच्याच रंगाची असतात की वर्षानुवर्षे मनगटावर घड्याळ बांधणाऱ्यालाही त्यांचा पत्ता नसतो. मी पट्टा काढला. खाचेत घाम, साबण आणि कातडीचा मळ यांचा करडा थर बसला होता. ओलसर फडक्याने आणि कापसाच्या काडीने तो हळूहळू काढल्यावर खाली अक्षरांच्या खुणा दिसू लागल्या, परंतु दिव्याखाली सरळ धरल्यावर त्या पुन्हा नाहीशा होत. यावर उपाय सोपा निघाला. खोलीतला दिवा बंद करून फोनची टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून आडवी धरली, म्हणजे कोरलेल्या अक्षरांच्या कडांची सावली पडते आणि ती उठून दिसतात. दुसऱ्या फोनने जवळून फोटो काढून तो पडद्यावर मोठा केला आणि घड्याळ थोडे थोडे फिरवत असे अनेक फोटो घेतले, कारण प्रत्येक कोनातून वेगळेच अक्षर स्पष्ट होत होते. नुसत्या भिंगाने हे जमले नसते. भिंग अक्षर मोठे करते, पण सावली पाडत नाही.

या खटाटोपातून हाती आले ते असे: एफसीसी आयडी, त्यापुढे एक्सआरए, त्यापुढे एफबी५० आणि त्यानंतर एक आकडा, जो नेमका पट्ट्याच्या कडेखाली घासून गेला होता. तो तीनही वाटे आणि पाचही. एका फोटोत तर चक्क सात वाटला.

या खुणांचा अर्थ समजून घेणे मात्र मला अतिशय उपयोगी पडले, कारण तो फक्त याच घड्याळापुरता नाही. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक बिनतारी उपकरणाला तिथल्या एफसीसी या दूरसंचार नियामक संस्थेची मान्यता लागते आणि तिचा क्रमांक दोन भागांचा असतो: आधी कंपनीला दिलेला संकेत आणि नंतर कंपनीने त्या वस्तूला दिलेला क्रमांक. संकेताची सुरुवात अक्षराने होत असेल तर तो तीन चिन्हांचा असतो, आकड्याने होत असेल तर पाच चिन्हांचा. एक्सआरए हा फिटबिटचा संकेत आहे. पूर्ण क्रमांक एफसीसीच्या संकेतस्थळावर घातला की त्या वस्तूची कागदपत्रे उघडतात, आणि त्यांत बहुतेकदा बाहेरून काढलेले फोटो व वापरपुस्तिकाही असते. ज्याच्यावर नाव नाही, खोके नाही, अशा कोणत्याही ब्लूटूथ वस्तूची ओळख पटवायला याहून भरवशाची जागा मला तरी सापडलेली नाही.

एफबी५० या मालिकेत माझ्या कामाचे चार क्रमांक होते. ५०३ म्हणजे फिटबिटचेच आयॉनिक हे दुसरे घड्याळ, ५०४ आणि ५०५ म्हणजे पहिले वर्सा, ५०७ म्हणजे वर्सा टू. वर्सा लाइटचा क्रमांक एफबी४१५ असल्यामुळे ते इथेच बाद झाले. (लाइट हे पहिल्या वर्सानंतर आलेले असूनही त्याचा क्रमांक लहान आहे, तेव्हा क्रमांकावरून वयाचा अंदाज बांधू नये.)

यांतल्या ५०३ ने मला जरा अस्वस्थ केले. आयॉनिक हे २०१७ साली आलेले घड्याळ, आणि मार्च २०२२ मध्ये ते अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगासोबत जाहीर घोषणा करून परत मागवले गेले होते, कारण त्याची लिथियम बॅटरी तापून भाजण्याचा धोका होता. अमेरिकेत अशी सुमारे १० लाख आणि इतर देशांत सुमारे ६ लाख ९३ हजार घड्याळे विकली गेली होती आणि ग्राहकांना २९९ डॉलर परत देण्याची व्यवस्था केली होती. त्या वेळीही लोकांना हेच सांगावे लागले की घड्याळाच्या मागे पट्ट्याजवळ पाहा, एफबी५०३ असेल तरच ते परत मागवलेले आहे. मॉडेल क्रमांक हा केवळ चार्जर विकणाऱ्याच्या सोयीसाठी नसतो, हे या प्रकरणातून चांगलेच ध्यानात येते. अनोळखी जुने घड्याळ चार्जिंगला लावण्याआधी तेवढी एक शंका फेडून घेणे मला आवश्यक वाटले.

ती शंका पट्ट्याने फेडली. आयॉनिकचा पट्टा दाबाच्या खटक्याने सुटतो आणि त्याची चौकट कोपऱ्यांशी तिरकी छाटलेली, काहीशी यंत्रासारखी दिसते. माझ्या घड्याळाचा पट्टा बारीक स्प्रिंगपिनने अडकलेला आणि चौकट गोलसर कोपऱ्यांची होती. तेव्हा प्रश्न पहिले वर्सा की वर्सा टू, एवढाच उरला.

तो बटणांनी सुटला. पहिल्या वर्साला तीन बटणे असतात, डावीकडे एक आणि उजवीकडे दोन. वर्सा टूला डावीकडे एकच असते. माझ्या घड्याळाची उजवी बाजू संपूर्ण गुळगुळीत होती. तरीही खातरजमा म्हणून आणखी दोन गोष्टी पाहिल्या. पहिल्या वर्साच्या काचेखाली, पडद्याच्या खालच्या पट्टीवर, फिटबिट हे नाव लिहिलेले असते, ते इथे नव्हते. आणि चौकटीच्या कडेला सुईच्या टोकाएवढे एक छिद्र होते, ते मायक्रोफोनचे, कारण वर्सा टूमध्ये अलेक्साला बोलून प्रश्न विचारण्याची सोय दिलेली आहे आणि पहिल्या वर्साला मायक्रोफोनच नाही. पुसलेला आकडा सातच होता.

त्यानंतरचे सगळे सरळ झाले. चार्जर मागवताना मी फक्त तेच पाकीट पाहिले, ज्यावर वर्सा टूसाठी आणि वर्सा व लाइटसाठी नाही, असे स्पष्ट छापलेले होते. ‘सर्व वर्सांना चालेल’ असे लिहिलेल्यांच्या वाटेला गेलो नाही. घड्याळ चिमट्यात बसले, काही वेळाने पडदा उजळला आणि नियामक माहितीच्या पानावर एफबी५०७ दिसले. भाचीची उरलीसुरली माहिती पुसून मी ते माझ्या फोनला जोडले.

घरात ही विद्या पसरल्यावर इतरांची घड्याळे माझ्याकडे येऊ लागली. मेहुण्यांचे सॅमसंगचे होते. त्या कंपनीचे क्रमांक एसएम-आर या अक्षरांनी सुरू होतात आणि गॅलक्सी वॉच फोरच्या बाबतीत तर शेवटचा आकडाच बोलका आहे: ४० मिलिमीटरचे साधे ब्लूटूथ घड्याळ आर८६० आणि सिमची सोय असलेले आर८६५, ४४ मिलिमीटरचे अनुक्रमे आर८७० आणि आर८७५. मेहुणे आपल्या घड्याळावरून थेट फोन लावता येत नाही अशी तक्रार करत होते. क्रमांकाच्या शेवटी शून्य आहे, हे दाखवल्यावर ती तक्रार निकालात निघाली. ॲपलच्या घड्याळात हा क्रमांक ए या अक्षराने सुरू होतो. जुन्यांच्या पाठीवर तो कोरलेला असतो, नव्यांत पट्टा काढल्यावर खाचेत सापडतो. आयफोनच्या वॉच ॲपमध्ये दिसणारा क्रमांक मात्र विक्रीचा असतो, त्यावर एकदा बोट टेकवले की ए-वाला क्रमांक येतो. गार्मिनवाल्यांना चार्जरपुरती ही चिंता कमी आहे, कारण त्यांच्या बऱ्याच घड्याळांना चार टोकांची एकच पिन चालते.

आपल्याकडच्या स्वस्त घड्याळांचे गणित थोडे निराळे आहे. स्मार्ट वॉचला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची असल्यामुळे पाठीवर किंवा खोक्यावर ‘आर’ आणि त्यापुढे आठ आकडे असा क्रमांक असतो, आणि ब्युरोच्या बीआयएस केअर या ॲपमध्ये तो घालून कोणीही पडताळून पाहू शकतो. पण एका नोंदणीखाली अनेक मॉडेले असू शकतात, त्यामुळे त्यावरून उत्पादक कळतो, नेमके मॉडेल कळेलच असे नाही. शेजारच्या मुलाच्या घड्याळाच्या बाबतीत आम्ही इथेच अडलो. त्याला हवा होता फक्त नवा पट्टा, आणि पट्ट्याला मॉडेल लागत नाही, पट्टा अडकतो त्या दोन कानांमधले अंतर लागते. कंपासपेटीतल्या पट्टीने मोजले, २२ मिलिमीटर भरले, आणि तेवढ्या मापाचा पट्टा त्याला कोपऱ्यावरच्या घड्याळजीकडे मिळाला.