सकारण म्हणजे सविस्तर नव्हे

मी दहावीला इतिहास आणि भूगोल शिकवतो. सराव परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासताना यंदा एका मुलीच्या उत्तरापाशी थांबलो. ‘ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यात लोकवस्ती विरळ आहे’ या विधानाची भौगोलिक कारणे लिहायची होती. तिने पाऊण पान सुवाच्य अक्षरात भरले होते: नदीचा उगम पेरूमधील अँडीज पर्वतात होतो, ती अटलांटिक महासागराला मिळते, खोऱ्यात घनदाट विषुववृत्तीय वने आहेत, हवा उष्ण व दमट आहे. यातले काहीही चूक नव्हते. मात्र वने घनदाट असल्यामुळे वाहतुकीचे मार्ग काढणे अवघड जाते आणि म्हणून तेथे माणसे कमी वसतात, अशी सांधणारी ओळ कुठेच नव्हती. मी ३ पैकी १ गुण दिला.

तिला बोलावून विचारले तेव्हा ती म्हणाली, “सर, मला ॲमेझॉनचं सगळं येत होतं, म्हणून सगळं लिहिलं.”

दुसऱ्या दिवशी इतिहासाच्या तासाला मी फळ्यावर ‘पुढील विधान सकारण स्पष्ट करा’ एवढेच लिहिले आणि ‘सकारण’ म्हणजे काय, असे विचारले. बऱ्याच मुलांनी ‘सविस्तर’ असे उत्तर दिले. त्यांचा दोष नाही. घरी, शेतात, एसटीत कोणी कोणाला ‘विशद कर’ किंवा ‘नमूद कर’ असे म्हणत नाही. हे शब्द मुलांना थेट प्रश्नपत्रिकेतच भेटतात, आणि ते शिकवणे भाषेच्या शिक्षकांचे काम आहे असे मीही इतकी वर्षे समजत आलो. उत्तरावर लाल शाईने ‘मुद्दा सुटला’ असे लिहून मोकळा झालो, पण मुद्दा कुठे सुटला हे कधी दाखवले नाही, याची मला आज खंत वाटते.

बोर्डाच्या परीक्षेत पूर्वी वेळेआधी १० मिनिटे प्रश्नपत्रिका हाती पडत असे. पेपर मोबाइलवर फिरण्याच्या प्रकारांमुळे २०२३ पासून ती मिनिटे शेवटी जोडली गेली. कारण रास्त होते, तरी हातात पेन नसताना शांतपणे वाचण्याची सवय मोडली, असे माझे स्पष्ट मत आहे. घंटा होताच मुले लिहायला लागतात, आणि मग ‘कोणतेही दोन’ असताना चारही प्रश्न सोडवतात, ‘चुकीची जोडी ओळखा’ असताना बरोबर जोडी लिहून येतात.

आता आठवड्यातून एका तासाला मी उत्तरे लिहूनच घेत नाही. मुलांनी फक्त प्रश्न वाचायचा, क्रियापदाखाली रेघ ओढायची आणि काय विचारले आहे ते आपल्या घरच्या बोलीत शेजाऱ्याला सांगायचे. त्या मुलीने मागच्या तासाला ॲमेझॉनचाच प्रश्न निवडला आणि म्हणाली, “तिथं माणसं का राहत नाहीत, एवढंच विचारलंय.” मग वही ओढून तिने पहिले वाक्य लिहिले, आणि त्यात ‘त्यामुळे’ होते.