कुत्र्याला सड्यावर नेताना

पहिला महिनाभर जाऊन-येऊन दोन किलोमीटर पुरे. गोव्यात पर्वरी-सुकूरचा सडा (म्हणजे जांभ्याचं पठार), दिवाडीचे बांध किंवा गावामागची एखादी डोंगरी, कुठेही एवढ्याला पाऊण तास सहज लागतो, कारण कुत्रा दर दहा पावलांवर हुंगायला थांबतो. थांबू द्या. तो अजून उत्साहात असतानाच माघारी फिरा. दमल्यावर फिरलात तर तेवढीच वाट त्याला दमलेल्या अवस्थेत चालावी लागते. वर्षाच्या आतल्या पिल्लाला, त्यातही लॅब्राडोर किंवा जर्मन शेफर्डसारख्या मोठ्या जातीच्या, लांब उतार आणि पायऱ्या नकोत. सांधे तोवर पक्के झालेले नसतात.

गोव्यात कुत्रा अंतरापेक्षा उष्म्याने जास्त दमतो. त्याला घाम येतो तो जेमतेम पंजांना. बाकी सगळी भिस्त धापा टाकून जिभेवरची ओल वाळवण्यावर. हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांवर गेली की ती ओल वाळतच नाही, म्हणून घाटावरच्या कोरड्या ३२ अंशांत पळणारा कुत्रा इथल्या दमट २८ अंशांत मलूल होतो. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्यांना तर मार्च ते मे डोंगर वर्ज्यच समजा.

त्यात आपला सडा म्हणजे जांभ्याचा काळपट कातळ. तो दिवसभर तापतो आणि सूर्य बुडाल्यावरही बराच वेळ उष्णता ओकत राहतो, त्यामुळे उन्हाळ्यात संध्याकाळपेक्षा सकाळ बरी. साडेसहाला सुरुवात, साडेआठच्या आत घरी. हाताची मागची बाजू कातळावर सात सेकंद टेकवता आली नाही, तर पंजेही टेकवायचे नाहीत.

वीस किलोच्या कुत्र्यासाठी दोन तासांना एक लिटर पाणी न्या, आणि तुमचं वेगळं. घडीचं सिलिकॉनचं भांडं खिशात मावतं. दर पंधरा-वीस मिनिटांनी थोडं थोडं पाजा. एकदम भांडंभर पाजलं की उलटी ठरलेली. खाजनातलं (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतातलं) पाणी खारट असतं, ते पिऊ देऊ नका. कुंभारजुवे कालव्याच्या बाजूला तर काठापासूनही लांब राहा. तिथे मगरी आहेत, आणि पाण्यात उतरलेला कुत्रा त्यांना आयताच सापडतो.

जीभ रुंद होऊन लोंबायला लागली, लाळ चिकट झाली, हिरड्या लालभडक दिसल्या, प्रत्येक झुडपाच्या सावलीत तो आडवा पडायला लागला, की फेरी तिथेच संपली. सावलीत न्या, पोटावर, जांघेत आणि पंजांवर साधं पाणी ओता, वारा घाला. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, त्याच्याखाली उष्णता कोंडते. थोडा सावरला तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्याच. आतल्या अवयवांना झालेली इजा काही तासांनी दिसते.

सामान फार लागत नाही. छातीवर नीट बसणारा हार्नेस आणि दीड-दोन मीटरचा साधा पट्टा. बटण दाबून लांब होणारी गुंडाळदोरी इथे निव्वळ वैताग आहे. घाणेरीच्या झुडपात अडकते आणि म्हशीसमोर वेळेवर आखडत नाही. पट्टा सोडूच नका. सड्यावर टिटवी उघड्यावर अंडी घालते, मोर असतात, आणि बागायतींच्या कडेने रानडुकरांसाठी लावलेले तारेचे फासे असतात. फाशात अडकलेला कुत्रा जितका ओढतो तितकी तार आवळते.

सगळ्यांत अवघड टप्पा डोंगरावर नसतो, तो वाड्यातून बाहेर पडताना असतो. मोकाट कुत्र्यांची टोळी आपल्या हद्दीपुरतीच भुंकते. तिच्यासमोर पट्टा ताणला की आपला कुत्रा पुढून उचलला जाऊन मागच्या पायांवर उभा राहतो आणि समोरच्यांना ते आव्हान वाटतं. पट्टा आखूड पण सैल ठेवा, त्यांच्याकडे रोखून न बघता वळसा घालून निघा. त्याहून सोपं म्हणजे गाडीने शेवटच्या घराच्या पुढे जाऊन तिथून चालायला लागा.

म्हादई, भगवान महावीर (म्हणजे दूधसागरही आलाच), बोंडला, नेत्रावळी, खोतीगाव या अभयारण्यांत कुत्रा न्यायचा नाही. नियमाचा भाग आहेच, शिवाय कुत्र्याचा डिस्टेंपर हा विषाणूचा रोग रानातल्या प्राण्यांना लागतो, आणि बिबट्याला कुत्रा आवडतो. सत्तरीतलं रान मी यादीतून काढूनच टाकीन. २०१५पासून तिथे माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत, तो गोचिडीतून पसरतो आणि माणसाला होतो. कुत्र्याच्या अंगावरून ती गोचीड घरात यायला वेळ लागत नाही. मोरजी, आगोंद, गालजीबागच्या किनाऱ्यांवर नोव्हेंबर ते मार्च कासवं अंडी घालतात, तेव्हा तिथेही नको.

डिसेंबर-जानेवारीची सकाळ सर्वांत चांगली, फक्त कुसळ सोडून. सड्यावरचं गवत वाळलं की कुसळं बोटांच्या बेचक्यात आणि कानात शिरतात, आणि काटेरी टोकामुळे पुढेच सरकत जातात, मागे येत नाहीत. कुत्रा अचानक डोकं झटकू लागला किंवा एकच पंजा चाटत बसला तर कुसळ समजा. कानात गेलेलं स्वतः काढू नका. लांब केसांच्या कुत्र्याच्या बोटांमधले केस ऑक्टोबरमध्येच कापून टाका. काजूच्या हंगामात पडलेल्या बोंडूंपासून लांब ठेवा. आंबलेल्या बोंडूंनी झिंगतो, आणि बियांच्या टरफलातलं तेल तोंड भाजतं. पावसात शेतातल्या साठलेल्या पाण्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंचा आजार) होतो, म्हणून त्याची लस दरवर्षी.

फुरसं दगडांच्या फटीत असतं, त्यामुळे गडग्यात (दगडांच्या कुंपणात) नाक घालू देऊ नका. चावलंच, तर घट्ट काही बांधू नका, कुत्र्याला उचलून न्या आणि वाटेतूनच डॉक्टरांना फोन करून प्रतिविष आहे का विचारा. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांसाठी असतं, चापडा या झाडाझुडपांतल्या विषारी सापाच्या विषावर चालत नाही.

घरी आल्यावर कुत्र्याच्या अंगावर पाणी घालायच्या आधी गोचिडी बघा: कानाच्या आत, बगलेत, बोटांच्या मध्ये, पट्ट्याखाली, शेपटीच्या मुळाशी. बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीला लागून पकडा आणि सरळ, सावकाश ओढा. रॉकेल, खोबरेल, जळती काडी यातलं काहीही नको, चिडलेली गोचीड पोटातलं जखमेत ओकते. गोचिडींवरची गोळी डॉक्टरांना विचारून द्या, पूर्वी कधी झटके आले असतील तर ते आधी सांगा. पुढच्या एक ते तीन आठवड्यांत ताप, खाण्यावरची वासना उडणं किंवा नाकातून रक्त दिसलं, तर गोचीडतापाची शंका घ्या आणि रक्तातल्या प्लेटलेट्स त्याच दिवशी तपासून घ्या.