तुम्ही विचारलंत म्हणून: महिन्याला शंभर रुपयांनी काय होतं?

"चौदा बायका, प्रत्येकीचे महिन्याला शंभर रुपये. ताई, याच्यानं कुणाची गरिबी हटणार?" बँकेत नवीन साहेब आले की आमच्या बचत गटाविषयी हे विचारतात. पुण्यात नोकरी करणारा माझा धाकटा भाऊ दर दिवाळीला विचारतो. परवा एका लग्नात एका प्राध्यापक बाईंनी विचारलं आणि मांडवातल्या गर्दीत बोलणं अर्धवट राहिलं. विचारणारे मनापासून विचारतात, म्हणून एकदा सगळं नीट सांगावं असं वाटलं.

आधी हिशेब. चौदा जणींचे वर्षाचे १६,८०० रुपये होतात. एवढ्यात चांगली दुभती म्हैस येत नाही. तेव्हा शंभर रुपयांनी कुणी श्रीमंत होत नाही, हे २००८ साली गटाची वही माझ्या हातात आली तेव्हापासून मला ठाऊक आहे. पण त्याच वहीनं मला दुसरं काही दाखवलं. आमचं गाव बीड जिल्ह्यात, धारूरच्या बाजूला, बालाघाटाच्या डोंगरात. इथल्या माणसाच्या हातात वर्षभरात पैसा येतो, थोडा का होईना. पण ज्या दिवशी लागतो त्या दिवशी तो नसतो, आणि त्या एका दिवसापायी पुढचं वर्ष हातचं जातं.

आमचंच घर घ्या. अडीच एकर जिरायत. मृगाच्या तोंडावर बी-खताला दहा हजार लागायचे. सावकाराचा भाव शेकडा पाच, म्हणजे महिन्याला पाचशे. जूनमध्ये घेतलेले पैसे नोव्हेंबरात फेडले तर व्याजाचेच अडीच हजार. तेवढ्यावर भागलं असतं तर सोसलं असतं. पण मळणीच्या दिवशी सावकार खळ्यावर येऊन उभा राहायचा. मग सोयाबीन वाळवायला सवड कुठली? ओलंच, त्याच आठवड्यात आडतीवर घालायचं. त्या दिवसांत सगळ्यांचाच माल आलेला असतो आणि भाव पडलेला. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि काढणीच्या वेळी बाजारात माल त्याच्या बराच खाली जात होता. सरकारी खरेदी केंद्रावर घालायचं तर आधी नोंदणी, ओलाव्याची अट, शिवाय चुकारा हातात येईपर्यंत थांबायचं. दारात सावकार उभा असलेल्या घराला हे थांबणं जमत नाही. ते व्याजातही जातं आणि भावातही.

ऊसतोडीचंही असंच. बाहेरच्यांना वाटतं, पाऊस नाही म्हणून लोक तोडीला जातात. पाऊस कमी आहे हे खरंच. पण कितीतरी जोड्या मुकादमाकडून उचल, म्हणजे तोडीच्या मजुरीतून फेडायची आगाऊ रक्कम, घेतात ती श्रावण-भाद्रपदात, घरात कुणाचं ऑपरेशन निघालं किंवा पोरीचं लग्न ठरलं की त्या आठवड्यात. नवरा-बायको मिळून एक कोयता. अडलेलं असतं वीस-तीस हजारांवर, आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास घराला लागलेलं कुलूप निघतं ते गुढीपाडव्याच्या आसपास. तिकडे आजारी पडलं तर खाडा, खाड्याचे पैसे वेगळे कापतात. २०१९ साली आमच्या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या आणि सरकारनं चौकशी समिती नेमली. अशा दोघी माझ्या गल्लीत राहतात. एकीचं वय तेव्हा एकतीस होतं.

माझं माहेर औसा तालुक्यातलं, किल्लारीपासून फार लांब नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे, गणपती बुडवून लोक घरी येऊन झोपले होते तेव्हा, भूकंप झाला. मी चौदा वर्षांची होते. पुढं घरं बांधायची वेळ आली तेव्हा सरकारनं गावागावांतल्या बायकांना संवाद सहायक म्हणून नेमलं. स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था त्यांच्यासोबत होती. कधी ओसरीच्या पुढं न आलेल्या बायका सिमेंटच्या गोण्या मोजताना, इंजिनिअरला "पट्टी कुठंय?" म्हणून, म्हणजे भूकंपात भिंत धरून ठेवणाऱ्या पट्टीविषयी, विचारताना मी पाहिल्या. सासरी गटाच्या वहीला कुणी हात लावेना तेव्हा मी ती घेतली, ती त्या बायका आठवूनच.

आता पाहुण्यांना सहसा कुणी सांगत नाही ती अडचण सांगते.

नाबार्ड या शेती-ग्रामीण विकासाच्या बँकेनं १९९२ साली बचत गट बँकांशी जोडायला सुरुवात केली. पुढं माविम, म्हणजे सरकारचं महिला आर्थिक विकास महामंडळ, आणि २०११ पासून उमेद हे राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान, यांनी गट गावोगाव नेले. आम्हाला शिकवायला आलेल्या ताईंनी सांगितलं होतं की एका गल्लीतल्या, एकसारख्या परिस्थितीच्या बायका घ्या, म्हणजे विश्वास टिकतो. आम्ही तसंच केलं. बारा जणी, बहुतेक भावकीतल्या, सगळ्या जिरायतीवाल्या. तेव्हा महिन्याला तीस रुपये. २००९ च्या जूनमध्ये पेटीत ३,६०० रुपये होते आणि मृगाच्या आधीच्या बैठकीत कर्जासाठी नऊ हात वर झाले. काय करणार? चिठ्ठ्या टाकल्या. माझ्या थोरल्या जाऊबाईंची चिठ्ठी निघाली नाही. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी सावकाराच्या ओसरीवर बसलेल्या दिसल्या. दिवाळीपर्यंत त्या माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि त्यांचा राग मला आजही रास्त वाटतो.

सगळ्यांना एकाच दिवशी पैसा लागत असेल आणि सगळ्यांच्या हातात एकाच महिन्यात येत असेल, तर पेटी असून नसल्यासारखी. हे मला उलगडून सांगितलं ते ओढ्यापलीकडच्या वस्तीवरच्या एका बाईनं. आमच्याकडे खुरपायला यायची, स्वतःची गुंठाभर जमीन नाही. एकदा बांधावर भाकरी खाताना म्हणाली, "आमाला घ्या की गटात. मिरगात आमाला पैसा लागत न्हाई, झडीत लागतो." खरंच होतं. पेरणीच्या दिवसांत मजुराला काम असतं. जुलै-ऑगस्टात आठ-आठ दिवस झड लागली की वाफसा येत नाही, खुरपण बंद आणि रोजही बंद. तेव्हा त्या घरांत ज्वारी यायची ती सवाईनं, पायलीला सव्वा पायली परत करायच्या बोलीवर.

आम्ही लगेच हो म्हटलं नाही. कारण होतं जात, आणि ते झाकून हा लेख लिहिण्यात अर्थ नाही. माझ्या सासूबाई इर्जिकीच्या गोष्टी सांगायच्या. अडलेल्याचं शेत नांगरायला अख्खी भावकी बैल घेऊन उतरायची आणि रात्री पुरणपोळीचं जेवण. ते खरं होतं, त्यात मायाही होती. पण वस्तीवरच्या माणसासाठी इर्जीक घातल्याचं त्यांना एकदाही आठवत नव्हतं. त्याला शेतच नव्हतं, आणि जेवायला तो वेगळ्या पंगतीला बसायचा. तीन बैठका वादात गेल्या. दोघी गट सोडून गेल्या, वस्तीवरच्या चौघी आल्या, आम्ही चौदा झालो. मारुतीच्या पारावर बसणं आम्ही बंद केलं आणि शाळेच्या व्हरांड्यात एका सतरंजीवर बसू लागलो. पहिल्या बैठकीचा चहा त्याच बाईनं केला होता. मी सगळ्यांकडे बघत होते. जाऊबाईंनी पहिला कप उचलला.

मग वहीच्या शेवटच्या पानावर मी बारा महिने आखले आणि एकेकीला विचारलं, तुला पैसा कधी लागतो आणि कधी येतो? जिरायतीवाल्यांना लागतो मृगात, येतो दिवाळीनंतर. मजुरी करणाऱ्यांना लागतो श्रावणात, येतो सोयाबीनच्या काढणीत. तोडीला जाणाऱ्या घरांत चैत्रात थोडा असतो. शेळ्यावाल्यांचा येतो बकरी ईदच्या आधी, कारण उस्मानाबादी बोकडाला तेव्हा जो भाव मिळतो तो एरवी मिळत नाही. ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते, म्हणून तो रकाना दर वर्षी नव्यानं भरावा लागतो. २०२४ ला ईद १७ जूनला होती, २०२५ ला ७ जूनला. म्हणजे अलीकडे वस्तीवरच्या बोकडाचा पैसा बरोबर आमच्या पेरणीच्या तोंडावर पेटीत येऊ लागला. नियम मोजकेच केले. व्याज शेकडा दोन, तेही पेटीतच राहणार. मृगात पेटी पूर्ण रिकामी करायची नाही, तिसरा हिस्सा झडीसाठी ठेवायचा. दवाखान्यासाठी पैसा लागला तर रांग नाही. पुढं बँकेचं कर्ज मिळालं, ग्रामसंघाचा, म्हणजे गावातल्या सगळ्या गटांच्या संघाचा, निधी मिळाला, त्याचीही वाटणी याच पानावरून झाली. आम्हाला शिकवणाऱ्या ताईंविषयी मला आदर आहे, पण एकसारख्यांचाच गट करा हा त्यांचा सल्ला निदान आमच्या कोरडवाहू गावाला चुकीचा होता असं माझं स्पष्ट मत आहे.

पैशाशिवायही बरंच पेटीत आलं. २०२० च्या खरिपात आमच्या शिवारात विकतचं सोयाबीन कितीतरी ठिकाणी उगवलंच नाही. पिशवीचे पैसे गेले, दुबार पेरणी आली. तेव्हापासून आम्ही बी घरचं ठेवतो. सोयाबीनचं बी एकदा विकत घेतलं की दोन-तीन वर्षं घरचं वापरता येतं, फक्त त्याला जपावं लागतं: थप्पी उंच लावायची नाही, पोतं आपटायचं नाही, कारण साल पातळ असते. मे महिन्यात शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे, सत्तर उगवले तर पेरायला चालतं. ही चाचणी आम्ही सगळ्या मिळून शाळेच्या व्हरांड्यातच करतो. जिचं बी नापास होतं तिला दुसरी देते, एकराला तीस किलोच्या हिशेबानं, आणि काढणीला जेवढं घेतलं तेवढंच परत. सवाई नाही.

तोडीला जाणाऱ्यांची लेकरंही आमच्यातच राहतात. ज्यांना आजी-आजोबा आहेत ती त्यांच्याकडे, बाकीची वाटून घेतलेली. एका वर्षी माझ्याकडे तिघं होती. त्यातली एक मुलगी आता अंबाजोगाईला नर्सिंग शिकते आहे. तिच्या आईनं शाळा सुटू नये म्हणून हात जोडले होते आणि मी नुसतं "राहू दे" म्हटलं होतं, त्यात मोठं काही केलं असं मला तेव्हा वाटलं नव्हतं.

चूकही सांगते. एका खाजगी कंपनीचा माणूस गावात यायचा, पाच बायकांचा गट करून कर्ज द्यायचा आणि आठवड्याला हप्ता न्यायचा. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या चौघींना उठू द्यायचा नाही. आमच्यातल्या एकीनं अशी तीन ठिकाणची कर्जं उचलली होती आणि आम्हाला माहीत नव्हतं. गट तिकडंही होता, शेजारणी तिकडंही होत्या, पण त्यांना फक्त वसुलीच्या दिवशी बोलावलं जायचं. कर्ज कशाला हवं हे कुणी विचारलं नव्हतं. ती एका रात्री लेकरं घेऊन गाव सोडून गेली. तिच्या हातातल्या पाटल्या दिसेनाशा झाल्याचं मी दोन महिने आधी पाहिलं होतं आणि तिला वाईट वाटेल म्हणून विचारलं नव्हतं. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी प्रत्येकीनं आपलं सगळं देणं बैठकीत मोठ्यानं सांगायचं असं ठरवलं आहे. काहींना ते जड जातं. तिची जागा आम्ही वर्षभर रिकामी ठेवली, मग नवीन बाई घेतली.

यंदाच्या मे महिन्याच्या बैठकीत जाऊबाईंनी जूनच्या रकान्यातलं त्यांचं नाव खोडायला सांगितलं. बी घरचं होतं, आणि गेल्या वर्षीचं सहा पोती सोयाबीन भाव येईपर्यंत घरात ठेवता आलं होतं, त्याचे पैसे हातात होते. मी खोडलं आणि विचारलं, यांच्या जागी कुणी? वस्तीवरची ती बाई, जिला मिरगात पैसा लागत नव्हता, पदर सावरून पुढं सरकली.

"माझं लिवा. यंदा दीड एकर बटईनं केलंय."

मी श्रावणातलं तिचं नाव काढलं आणि जूनमध्ये लिहिलं.