बंद पडल्यानंतरची दहा मिनिटं

जुनी गाडी रस्त्यात थांबली की जमलेला प्रत्येकजण विचारतो, "काय झालं?" कशी बंद पडली, हे विचारणारा भेटला तर त्याला चहा पाजावा. गचके देत, मध्येच उचल घेत, पुन्हा मरगळत थांबली असेल तर बहुधा पेट्रोलची तक्रार. कुणी किल्ली फिरवावी तशी एका क्षणात गप्प झाली, तर करंट गेला.

माझ्याकडे पद्मिनी आहे. १९६४ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० डिलाइट म्हणून बाहेर पडू लागलेली आणि पुढे बारसं होऊन पद्मिनी झालेली, तीच १०८९ सीसीची गाडी. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. पॉइंट घासून देणारे मेस्त्री त्याआधीच कमी झाले होते.

हे पॉइंट, म्हणजे करंट जोडणारे-तोडणारे धातूचे दोन छोटे संपर्क, डिस्ट्रिब्युटरच्या कॅपखाली असतात. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर ते सेकंदाला १०० वेळा उघडतात, तेही अर्ध्या मिलिमीटरहून कमी. प्रत्येक उघडण्यासरशी कॉइलमधून, म्हणजे बॅटरीचं व्होल्टेज वाढवणाऱ्या गुंडाळीतून, हजारो व्होल्टचा झटका निघतो आणि पंगतीत वाढपी फिरावा तसा रोटर तो सिलिंडरांना वाटत जातो; फक्त इथली पंगत एक, तीन, चार, दोन अशी. शेजारी छोटासा कंडेन्सर. पॉइंट उघडताना तिथेच ठिणगी पडून सगळा जोर वाया जाऊ नये, एवढंच त्याचं काम. तो बिघडला की पॉइंट जळतात आणि प्लगला मिळणारी ठिणगी मरतुकडी होते. पण हा धड बिघडतही नाही. तापला की रुसतो, गार झाला की कामाला लागतो. कॉइललाही हीच खोड.

त्यामुळे घाटात थांबलेली गाडी आपण चहा पिऊन येईतो चालू होते, आपण खूश होऊन बोनेट आपटतो आणि निघतो. माझ्या मते हे चालू होणंच घातक. चालू झाली की पुरावा गेला. गॅरेजमध्ये न्यावी तर तिथे ती गुणी मुलीसारखी चालते. आमचे मेस्त्री हात पुसत म्हणतात, "साहेब, चालू गाडीत मी काय शोधू? बंद पडू द्या, मग फोन करा." अंदाजाने दोन पार्ट एकदम बदलले आणि गाडी सुधारली, तर कुणामुळे सुधारली ते कायमचं गुलदस्त्यात.

म्हणून तपास करायचा तो बंद पडल्याबरोबर. गाडी कडेला घेतानाच किल्ली तशीच ठेवून क्लच दाबायचा. इंजिन थांबलं की डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागायला हवा. नाही लागला तर किल्लीचा स्विच किंवा त्याची वायर बघावी. (किल्लीला घर, कपाट, ऑफिस अशा सगळ्या चाव्यांचा जुडगा लटकवणारे लोक या स्विचचे वैरी.) दिवा लागला तर कॅपच्या मधली जाड वायर उपसायची, रबरी मुठीच्या पकडीत धरून तिचं टोक इंजिनच्या लोखंडापासून अर्धा सेंटिमीटर दूर ठेवायचं आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगायचं. जवळ सांडलेलं पेट्रोल नसावं, हे वेगळं सांगायला नको. निळी, टचटच वाजणारी ठिणगी आली तर कॉइलपर्यंत सगळं ठीक. पुढे रोटर, कॅप बघा. पिवळट आली तर संशय पॉइंट, कंडेन्सर आणि कॉइलवर.

एप्रिलात खंबाटकी चढताना गाडी झटक्यात गप्प झाली. लाल दिवा लागला. बायकोने स्टार्टर मारला; ठिणगी पिवळी आणि बारीक. डिक्कीत कंडेन्सर होता, तोही आधी गाडीला लावून, चालवून, मग काढून ठेवलेला. पुडीतला नवा म्हणजे चांगला, असं या मालात नसतं. एक स्क्रू, एक वायर, की झालं. ठिणगी निळी. इंजिन अजून हात लावू देत नव्हतं, त्यामुळे गार झाल्याने सुधारली म्हणायला जागा नव्हती.

तोवर थांबलेले एक ट्रकवाले काका पाण्याची बाटली इंजिनवर उपडी करायच्या तयारीत होते. गाडी सुरू होताच म्हणाले, "मी म्हणालोच होतो, गरम झाली होती."

झालीच होती, त्यामुळे वादही घालता येईना.