बंधारा न बांधता ओढ्यातले डोह आणि मासे कसे टिकवले : माझा अनुभव

बरेच जण विचारतात, तुमच्या ओढ्याला मे महिन्यात पाणी कसं काय, बंधारा कुठे बांधलाय? बंधारा नाहीच बांधला, आणि तो बांधू नये म्हणूनच सगळ्यात जास्त हेलपाटे मारावे लागले, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

आमचं गाव भोर तालुक्यात पश्चिमेकडं, ओढा पुढं वेळवंडी नदीला म्हणजे भाटघर धरणाच्या बॅकवॉटरला मिळतो. पाऊस वाट्टेल तेवढा, पण पडतो तसा वाहून धरणात जातो आणि मार्चनंतर धरण उशाला कोरड घशाला. ओढ्यात पूर्वी उन्हाळाभर डोह असायचे, त्यात मळे, वाम, शिंगटी, डोकडे, क्वचित खडस पण, असे मासे. अलीकडे एप्रिलातच डोहांची डबकी व्हायला लागली, मासे उघडे पडायचे, बगळे आणि पोरं दोघांचीही चंगळ. एकदा डोह आटला की पुढच्या पावसात अंडी घालायला मोठा मासाच उरत नाही, विषय तिथेच संपला.

सुरुवात केली दगड बघण्यापासून. एक मित्र भूगर्भशास्त्र शिकलेला आहे, त्याला घेऊन ओढ्याच्या तोंडापासून वरच्या सड्यापर्यंत, म्हणजे माथ्यावरच्या खडकाळ पठारापर्यंत, चाललो. आपल्याकडं सगळा बेसॉल्ट खरा, पण एकसारखा नाही. भेगा नसलेल्या काळ्या पाषाणातून थेंब उतरत नाही, त्याच्या वरखाली मांजऱ्या असतो, मऊ, बारीक भोकांचा, झिजून भेगाळलेला, पाणी साठतं ते त्यात, आणि थर जवळपास आडवे असल्यामुळे मांजऱ्या जिथं उताराला उघडा पडतो तिथं झरा फुटतो. यातलं मला काही माहीत नव्हतं. पण कातकरी वस्तीतल्या बाबांना कुठल्या डोहात कुठल्या कपारीतून उमाळा येतो ते तोंडपाठ, उन्हाळ्यात पाय घातला की जिथं गार लागतं तिथंच वाम बसते म्हणाले. मित्रानं नकाशावर थर काढले तर बाबांच्या जागा बरोब्बर त्याच पट्ट्यात! मग लक्षात आलं की मासे तगतात ते ओढ्यातल्या वाहत्या पाण्यावर नाही, जमिनीतून झिरपणाऱ्या या गार पाण्यावर, आणि ते मुरतं वरती सड्यावर.

आता कागदपत्रं. पाणी मुरवायच्या कामासाठी सरकारी कार्यालयात गेलो की समोरून पहिला प्रश्न, सिमेंट नाला बांध कुठे हवाय? आणि सोबत खोलीकरण. त्यांचंही बरोबर आहे म्हणा, अंदाजपत्रक त्याचंच तयार असतं, 'मासे' असा रकानाच नाही. पण जूनच्या पहिल्या लोंढ्यात धरणाच्या फुगवट्यातून मासे वर चढतात, आपले चढणीचे मासे, त्यांच्या वाटेत पुरुषभर उंचीची भिंत घातली तर वरच्या डोहात पाणी राहील पण मासा पोचणार कसा? आणि खोलीकरणात जेसीबी जे गोटे काढून काठावर टाकतो त्यांनाच मळ्या मासा चिकटून राहतो, त्यावरचं शेवाळ खातो. हे सांगितल्यावर एक साहेब हसले आणि म्हणाले, मत्स्यबीज सोडा की, रोहू-कटला. म्हणलं साहेब, तलावात सोडा, ओढ्यात नको.

शेवटी ग्रामसभेचा ठराव केला की ओढ्याच्या पात्रात एकही काम नको, सगळी कामं वर घ्या. सड्याचा बराच भाग वनखात्याचा, त्यामुळे संयुक्त वन व्यवस्थापन समितीचा ठराव वेगळा, परवानगी वेगळी. इथं एक गोष्ट नीट ऐका, डोंगरात पाणी मुरवायला सरसकट चर खोदू नका. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण दरडीखाली गेलं, ते आमच्या लोकांच्या डोक्यातून गेलेलं नाही, आणि जायलाही नको. तीव्र उतारावर माती जाड असली की चरात मुरलेलं पाणी ती माती जड करतं, मग ती सुटायला वेळ लागत नाही. म्हणून आम्ही चर घेतले फक्त माथ्यावर, जिथं उतार कमी आणि खाली मांजऱ्या आहे तिथं, वरच्या घळींमध्ये नुसते हाताने रचलेले दगडी बांध, आणि मधल्या उताराला हातच लावला नाही. दुसरं काम वणवा थांबवायचं. जाळपट्टे काढले, म्हणजे आग पुढं सरकू नये म्हणून गवत आधीच जाळून मोकळे ठेवलेले पट्टे, कारण जळलेल्या उघड्या जमिनीवरून पाऊस नुसता घसरतो, गवत असलं तर मुरतो. खरं सांगायचं तर चरांइतकाच फायदा मला त्या गवताचा वाटतो.

मोजमाप साधं ठेवलं. झऱ्याखाली बादली धरायची, मोबाईलवर ती भरायला लागलेला वेळ बघायचा. विहिरींची पातळी भूजल सर्वेक्षण यंत्रणा घेते त्याच महिन्यांत घेतो, जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर. पहिल्या उन्हाळ्यात काहीच फरक नाही, लोकांनी टोमणे मारले. नंतर मात्र दोन झरे मार्चऐवजी मेपर्यंत चालले आणि वरच्या डोहांना कपारीतून पाणी येत राहिलं. पाऊसही चांगला झाला होता, त्यामुळे सगळं श्रेय चरांना देणार नाही. पण शेजारचा ओढा त्याच पावसात आटला, तिथं काहीच केलेलं नाही. यंदा वरच्या डोहात बोटभर लांबीची पिलं झुंडीनं दिसली, बाबा म्हणाले खडशीची. मला तरी ओळखता येत नाहीत. पावसाच्या पहिल्या आठवड्यात चढणीवर सापळे, जाळी लावायची नाही असं वस्तीनं आणि गावानं मिळून ठरवलंय, मासे मारायला ब्लीचिंग पावडर टाकणाऱ्याला दंड आहे.

खालचा डोह मात्र अजून आटतो. झरा चालू आहे, पण रात्री तीन मोटारी चालतात त्यावर, म्हणजे आपण वर मुरवायचं आणि खाली भुईमुगाने प्यायचं. त्यातली एक मोटार माझ्याच चुलत्यांची. काका म्हणतात, मासे काय लाईट बिल भरतात का रे? मोटारी बंद करा म्हणलो असतो तर भांडणच झालं असतं, म्हणून खडकावर रंगाची रेघ मारायची असं सुचवलं, पाणी रेघेच्या खाली गेलं की कुणीच उपसायचं नाही. काकांना रेघ मान्य आहे, फक्त ती कुठे मारायची यावर गेल्या ग्रामसभेत दोन तास गेले आणि रंगाचा डबा अजून माझ्याच घरी आहे.