पाईप नवा, मोटर जळाली

कर्वेनगरच्या एका सोसायटीतून पाण्याच्या पंपाची पाच एचपीची मोटर जळून माझ्याकडे दुरुस्तीला आली. दोन महिन्यांत दुसऱ्यांदा. पहिलं रिवाइंडिंग (जळालेली वायर काढून नवी गुंडाळणं, म्हणजेच मोटर भरणं) दुसरीकडे झालं होतं. सेक्रेटरी काका वैतागले होते, "वायरच हलकी वापरली असणार."

वायर चांगली होती. मोटर भरून दिली आणि बसवायला मी स्वतः गेलो. पंपाशेजारी चकचकीत अडीच इंची पीव्हीसी पाईप. आधी दोन इंची जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) होता, आतून गंजून अरुंद झालेला. तेव्हा गच्चीवरची वीस हजार लिटरची टाकी भरायला सव्वा तास लागायचा, आता पाऊण तासात भरते, असं काका कौतुकाने सांगत होते. तिथेच मला उत्तर मिळालं.

वायरभोवती अडकवून करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लावला. मोटरच्या प्लेटवर पूर्ण लोडचा करंट ७.५ ॲम्पिअर लिहिलेला, मीटरवर ९. सुरुवातीला ओव्हरलोड रिले, म्हणजे करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा भाग, ट्रिप व्हायचा, म्हणून कोणीतरी त्याची सेटिंग दहावर नेऊन ठेवली होती. याचा मला खरा राग येतो. रिले मोटर वाचवत होता, त्याचंच तोंड बंद केलं.

मी डिलिव्हरीचा, म्हणजे पंपातून वर जाणाऱ्या पाईपचा व्हॉल्व्ह फिरवायला घेतला तसे काका ओरडले, "अहो, जोर पडेल मोटरवर!" त्यांना मीटर दाखवला. व्हॉल्व्ह अर्धा बंद, ७ ॲम्पिअर. पूर्ण बंद, साडेचार. लगेच पुन्हा उघडला, कारण बंद व्हॉल्व्हवर पंप चालत राहिला की आतलं पाणी तापतं आणि सील जातं.

आपल्या घरगुती सेंट्रिफ्यूगल पंपात (फिरत्या चाकाने पाणी बाहेर फेकणारा पंप) लोड पडतो तो वाहत्या पाण्याचा. इम्पेलर, म्हणजे ते आतलं चाक, जितकं जास्त पाणी फेकेल तितकी ताकद मोटर देणार. जुना पाईप पाणी अडवत होता, म्हणून मोटर निवांत होती. अडथळा गेला, प्रवाह वाढला, ॲम्पिअर चढले. म्हणूनच असा पंप व्हॉल्व्ह बंद ठेवून चालू करायचा आणि मग हळूहळू उघडायचा. (लांब पंख्यासारख्या इम्पेलरच्या ॲक्सियल पंपाला मात्र हे कधीही करू नका. तिथे बंद व्हॉल्व्हवरच लोड सर्वांत जास्त असतो.)

रिले ७.५ वर आणला, व्हॉल्व्ह किती बंद ठेवायचा त्याची रंगाने खूण केली. पण असा अर्धवट बंद ठेवलेला व्हॉल्व्ह म्हणजे वीज वाया. म्हणून पुढच्या रविवारी इम्पेलर काढून लेथवर घासून त्याचा व्यास १७० मिलिमीटरचा १६० केला. व्यास थोडाच कमी होतो, पण लोड साधारण त्याच्या घनाच्या प्रमाणात उतरतो.

आता व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, मीटरवर ७.२. टाकी भरायला तासभर लागतो. काकांनी वॉचमनला सांगून ठेवलंय, रिलेला हात लावायचा नाही.